स्पीड पोस्ट अडकलं, परत आलं की महाग पडलं? आधी ट्रॅकिंगची शेवटची ओळ वाचा

पाकीट चार दिवसांत पोचायला हवं होतं, आठवडा उलटला. किंवा 'डिलिव्हर्ड' दाखवतंय आणि हातात काहीच नाही. किंवा घरात दिवसभर माणूस असूनही 'डोअर लॉक्ड' असा शेरा घेऊन परत आलं. तिन्ही दुखणी वेगळी, औषधं वेगळी. पण बहुतेक जण तिन्हींसाठी एकच करतात: हेल्पलाइनला फोन लावून 'माझं पार्सल कुठे आहे?' विचारतात. मग आपल्या मोबाइलवर दिसतंय तेच पलीकडचा माणूस वाचून दाखवतो आणि फोन संपतो.

म्हणून फोन करण्याआधी ट्रॅकिंगची शेवटची ओळ नीट वाचायची. त्यात तीन गोष्टी असतात: काय झालं, कोणत्या कार्यालयात झालं आणि केव्हा झालं. कुणाला विचारायचं हे दुसरी गोष्ट सांगते. विचारायची वेळ झाली आहे का, हे तिसरी.

क्रमांकच चालत नाही

पावतीवरचा क्रमांक तेरा खुणांचा असतो. पुढे दोन रोमन अक्षरं, मधे नऊ आकडे, शेवटी 'आयएन'. पहिलं अक्षर 'ई' असेल तर स्पीड पोस्ट, 'सी' असेल तर पार्सल, 'आर' असेल तर जुनं रजिस्टर. सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे अक्षर आणि आकडा यांची अदलाबदल, शून्याच्या जागी 'ओ' टाकणं. मधल्या नऊ जागी अक्षर कधीच नसतं, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मे घोटाळे मिटतात.

पावती पुसट असेल तर शोधून काढायची एक युक्ती आहे. नववा आकडा हा आधीच्या आठांवरचा पहारेकरी असतो. आठ आकड्यांना ओळीने ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ ने गुणायचं, सगळ्याची बेरीज करायची, ११ ने भागायचं आणि उरलेली बाकी ११ मधून वजा करायची. उत्तर १० आलं तर ० धरायचं, ११ आलं तर ५. समजा आठ आकडे २०४१७५३६ आहेत. गुणाकारांची बेरीज १६+०+१६+२+२१+२५+२७+४२ म्हणजे १४९. बाकी ६, म्हणून नववा आकडा ५. आता यातला सातवा आकडा ३ आहे की ८ हे पावतीवर कळत नसेल, तर ८ धरून पाहा: बेरीज १९४, बाकी ७, नववा आकडा ४ यायला हवा. पावतीवर ५ छापलाय, म्हणजे तो ३ च.

पावतीचा कागद थर्मल असतो. उन्हात, प्लॅस्टिकच्या पाकिटात किंवा सेलोटेपखाली तो महिन्या-दोन महिन्यांत पांढरा पडू शकतो. जपून राहावी म्हणून काही जण पावती लॅमिनेट करतात, तेव्हा उष्णतेने ती एकदम काळी होते. त्याच दिवशी फोटो काढा आणि कोर्टाच्या कामाची असेल तर झेरॉक्सही काढून ठेवा.

क्रमांक बरोबर असूनही नोंद दिसत नसेल तर एक कामाचा दिवस थांबा. खेड्यातल्या शाखा डाकघरात बुकिंग झालं असेल आणि तिथे रेंज नसेल, तर नोंद उशिरा चढते. शिवाय ४ ऑगस्ट २०२५ पासून खात्याची नवी संगणक प्रणाली देशभर लागू झाली. तेव्हा भलत्याच ट्रॅकिंग साइटवर शोधत बसण्यापेक्षा इंडिया पोस्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर पाहिलेलं बरं.

मधेच थांबलंय

'बॅग्ड' म्हणजे पाकीट इतर पाकिटांबरोबर पिशवीत गेलं आणि पिशवीला सील लागलं. तिथून पुढे ती पिशवी उघडेपर्यंत तुमच्या पाकिटाची वेगळी नोंद होत नाही, नोंद होते ती पिशवीची. त्यामुळे 'डिस्पॅच्ड' नंतर दोन दिवस शांतता असेल तर काही हरवलेलं नसतं. मधे रविवार किंवा सण आला तर दिवस आणखी वाढतो. संध्याकाळी टपालाची गाडी निघून गेल्यावर बुक केलेलं पाकीट दुसऱ्या दिवशीचं धरायचं, हेही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

काळजी करायची ती दोन प्रसंगी. एक, 'रिसीव्ह्ड' अशी नोंद होऊन त्याच कार्यालयात तीन कामाचे दिवस गेले आणि पुढे काहीच नाही. दोन, पाकीट भलत्याच दिशेला निघालं.

दुसऱ्या प्रसंगात बहुतेक वेळा दोष पिनकोडचा असतो. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्याची कल्पना मराठी माणसाचीच, श्रीराम भिकाजी वेलणकरांची. ते संस्कृत कवीही होते. पहिले तीन आकडे पाकीट कोणत्या वर्गीकरण जिल्ह्यात न्यायचं ते सांगतात, शेवटचे तीन वाटपाचं डाकघर सांगतात. शेवटच्या तिनात चूक झाली तर पाकीट शेजारच्या डाकघरात जातं आणि एखाद-दोन दिवसांत वळवलं जातं. पहिल्या तिनात चूक झाली की ते दुसऱ्याच जिल्ह्यात, कधी दुसऱ्याच राज्यात निघतं.

आपल्याकडचे आकडे अदलाबदलीला फार सोयीचे आहेत. ४२१ म्हणजे कल्याण-डोंबिवलीकडचा भाग, ४१२ म्हणजे पुण्याचा ग्रामीण भाग. ४०१ वसई-पालघरकडे, ४१० पनवेल-लोणावळ्याकडे. ४३१ छत्रपती संभाजीनगर, जालना, नांदेडकडे, तर ४१३ सोलापूर, लातूर, धाराशिवकडे. ४२४ धुळं, ४४२ वर्धा-चंद्रपूर. ४१४ अहिल्यानगर, ४४१ नागपूर-भंडाऱ्याचा भाग. ४२५ जळगावकडचा, आणि त्याचे शेवटचे दोन आकडे उलटले की ४५२, म्हणजे थेट इंदूर. ट्रॅकिंगमध्ये अनोळखी हबचं, म्हणजे वर्गीकरण केंद्राचं, नाव दिसलं की आपला पिनकोड उलटसुलट करून पाहा. कारण बहुधा तिथेच सापडतं.

पुढचा प्रश्न असा की चूक पाकिटावर आहे की पावतीवर. पावतीवर पोचायचं ठिकाण आणि पिनकोड छापलेला असतो. तो काउंटर सोडण्याआधी वाचायला पाच सेकंद लागतात, आणि सांगितलं तर तिथल्या तिथे दुरुस्त होतो. पाकिटावर बरोबर आणि संगणकात चूक असेल, तर पोचलेल्या ठिकाणचा कर्मचारी पत्ता वाचून पाकीट 'मिससेंट' (चुकून भलतीकडे आलेलं) म्हणून पुढे पाठवतो. दोन-तीन दिवस जास्त लागतात, पण पोचतं. पाकिटावरच चूक असेल तर पाठवणाऱ्याने बुकिंगच्या डाकघरात पावती दाखवून पत्ता दुरुस्तीचा किंवा पाकीट परत मागवण्याचा लेखी अर्ज द्यावा. पाकीट वाटपाला बाहेर पडण्याआधी अर्ज पोचला तरच त्याचा उपयोग, म्हणून यात उद्यावर ढकलू नये.

पत्ता: 'मु. पो.' सवयीने लिहू नका

इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण परत येणाऱ्या टपालाचं मूळ सर्वांत जास्त वेळा इथेच असतं.

आपण गावाच्या नावाआधी डोळे मिटून 'मु. पो.' लिहितो. त्याचा अर्थ मुक्कामही तोच आणि पोस्टही तेच. गावात डाकघर असेल तरच ते खरं. वाडी-वस्तीला बहुधा डाकघर नसतं, शेजारच्या गावाचं असतं. तिथे 'मु. अमुकवाडी, पो. तमुकगाव, ता., जि.' असं फोडून लिहायला हवं. न फोडता लिहिलं की वर्गीकरण करणारा अमुकवाडी नावाचं डाकघर शोधतो. ते नसतंच. मग तालुक्याच्या डाकघरात पाकीट फिरत राहतं आणि शेवटी 'अपूर्ण पत्ता' म्हणून परत येतं. आपल्या वाडीचं पोस्ट कोणतं हे माहीत नसेल तर आधार कार्डावर किंवा जुन्या टपालावर पाहा, नाहीतर पोस्टमनलाच विचारा.

दुसरा घोळ एकाच नावाच्या अनेक गावांचा. एक वडगाव घ्या. वडगाव मावळ ४१२१०६, पेठ वडगाव ४१६११२, वडगाव बुद्रुक ४११०४१. पिंपळगाव, नांदगाव, बोरगाव यांचंही तेच. बुद्रुक की खुर्द, तालुका कोणता, जिल्हा कोणता, हे गाळलं आणि वर पिनकोड चुकला तर पाकिटाला कुणी वाली उरत नाही. एकाची चूक दुसऱ्याने सावरावी म्हणून दोन्ही लिहायचे.

तिसरी गोष्ट आकड्यांची. पत्ता मराठीत लिहायला काहीच हरकत नाही, राज्यात तो छान पोचतो. पण पिनकोड आणि फोन नंबर इंग्रजी आकड्यांत लिहा. हाताने घाईत लिहिलेला देवनागरी ४ हा इंग्रजी आठासारखा दिसतो आणि १ हा इंग्रजी नवासारखा. म्हणजे ४१ ने सुरू होणारा पिनकोड परराज्यातल्या वर्गीकरणात ८९ वाचला जाऊ शकतो. राज्याबाहेर पाठवताना गावाचं आणि राज्याचं नाव इंग्रजीतही लिहावं.

चौथी, आणि शहरातली सर्वांत मोठी: दारावरच्या पाटीवर जे नाव नाही त्या नावाने आलेलं टपाल. पदवीचं प्रमाणपत्र, पासपोर्ट, बँकेचं कार्ड मुलीच्या माहेरच्या नावाने येतं आणि पाटी सासरच्या आडनावाची असते. पोस्टमन वॉचमनला विचारतो, वॉचमन म्हणतो 'असं कोणी नाही राहत इथे', आणि पाकिटावर 'नॉट नोन' पडतं. भाडेकरूंचंही तेच. नावापुढे 'द्वारा' लिहून पाटीवरचं आडनाव घाला. ज्या अर्जात तशी सोय नसेल तिथे पत्त्याच्या पहिल्या ओळीत ते बसवा. सोसायटीच्या खालच्या पत्रपेटीवर दोन्ही आडनावांची चिठ्ठी चिकटवली तरी काम होतं.

मोबाइल नंबर पाकिटावर ठळक लिहा आणि काउंटरवर बुकिंग करताना पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा असे दोन्ही नंबर संगणकात भरून घ्या. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता डाव्या कोपऱ्यात हवाच. तो नसेल तर न वाटलेलं पाकीट परत कुठे पाठवायचं हे खात्याला कळत नाही आणि ते रिटर्न लेटर ऑफिसात, म्हणजे मालक न सापडलेल्या टपालाच्या कार्यालयात, जातं.

मे २०२५ मध्ये आलेला डिजिपिन हा दहा खुणांचा संकेत सुमारे चार मीटर लांबी-रुंदीचा चौकोन दाखवतो. तो खाली जरूर लिहा, पण पिनकोडची जागा तो घेत नाही.

'डोअर लॉक्ड', पण दार उघडंच होतं

कारण काहीही असो: बेल बंद होती, गेटवर आत सोडलं नाही, बीट (पोस्टमनचा वाटपाचा भाग) मोठा म्हणून तो आलाच नाही. पाकीट वाचवायचं असेल तर वाद नंतर घालायचा. वाटप न झालेलं पाकीट डाकघरात साधारण सात दिवस ठेवून मग परत पाठवतात. हे दिवस फोनाफोनीत घालवू नका.

ट्रॅकिंगमध्ये वाटपाचं कार्यालय कोणतं ते पाहा. ते घराजवळचं डाकघर असेलच असं नाही. पार्सलं बऱ्याच ठिकाणी ठरावीक केंद्रातून निघतात आणि काही शहरांत आता वाटपासाठी स्वतंत्र एकत्रित केंद्रं झाली आहेत. जवळच्या डाकघरात जाऊन 'आमच्याकडे आलंच नाही' हे उत्तर ऐकून लोक घाबरतात, आणि पाकीट दोन किलोमीटरवर पडून असतं. त्या कार्यालयात सकाळी, पोस्टमन बीटवर निघण्याआधी जा. ओळखपत्राची मूळ प्रत, पाकिटाचा क्रमांक आणि आली असेल तर सूचना चिठ्ठी बरोबर घ्या. दुसऱ्याला पाठवायचं असेल तर सही केलेलं अधिकारपत्र आणि दोघांची ओळखपत्रं लागतात. तिथे आपल्या बीटच्या पोस्टमनशी ओळख करून घ्या आणि त्याला आपला नंबर द्या. हा एक उपाय पुढच्या दहा पाकिटांना पुरतो.

दर वेळी हाच शेरा येत असेल तर मात्र त्या डाकघराच्या पोस्टमास्तरांना लेखी द्या: तीन पाकिटांचे क्रमांक, तीन तारखा, त्या वेळी घरात कोण होतं आणि गेटवर नोंदवही असेल तर त्या पानाचा फोटो. 'नेहमीच असं होतं' या वाक्यावर कुणी काही करत नाही, तीन तारखांवर करावं लागतं.

'डिलिव्हर्ड' आहे, हातात नाही

साधं स्पीड पोस्ट पत्त्यावर दिलं जातं. त्या पत्त्यावरचा कोणीही ते घेऊ शकतो: सासूबाई, वॉचमन, दुकानातला मुलगा. आधी घरात आणि गेटवर विचारा. सरकारी कार्यालय, विद्यापीठ किंवा मोठी कंपनी असेल तर पाकीट आवक विभागात उतरतं आणि टेबलावर पोचायला वेळ लागतो. तिथे 'पाकीट आलं का?' न विचारता ट्रॅकिंगची तारीख सांगून आवक क्रमांक मागा. नोंदवहीतलं पान काढलं की उत्तर मिळतं.

तरीही पत्ता लागला नाही तर पाठवणाऱ्याने वाटपाचा पुरावा मागावा. कुणाची सही आहे, ओटीपी दिला होता का, हे त्यातून कळतं.

महत्त्वाच्या कागदांसाठी हा प्रश्न आधीच टाळता येतो. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. त्यामुळे काउंटरवर 'रजिस्टर ए.डी. करा' म्हटलं की आता स्पीड पोस्टच होतं, आणि रजिस्ट्रेशन ही त्यावरची वेगळी सोय आहे. ती मागून घ्यावी लागते. तिचे ५ रुपये अधिक कर. ती घेतली तर पाकीट फक्त त्या व्यक्तीला किंवा तिने लेखी नेमलेल्या माणसाला मिळतं. ओटीपी दाखवूनच वाटप व्हावं अशीही सोय आहे, तिचेही ५ रुपये अधिक कर. वकिलाची नोटीस, सोसायटीची थकबाकीची नोटीस, भाडेकराराचा पत्रव्यवहार यांना रजिस्ट्रेशन घ्याच, आणि पोचपावती हवी असेल तर तीही वेगळी सांगा. ओटीपीची सोय मात्र म्हाताऱ्या आई-वडिलांच्या पाकिटाला घेताना विचार करा. नंबर मुलाचा आणि मुलगा मीटिंगमध्ये, असं झालं की पाकीट दारातून परत जातं.

पैसे कुठे जास्त जातात

१ ऑक्टोबर २०२५ पासूनचे कागदपत्रांचे स्पीड पोस्ट दर असे. स्थानिक: ५० ग्रॅमपर्यंत १९ रुपये, २५० पर्यंत २४, ५०० पर्यंत २८. बाहेरगावी ५० ग्रॅमपर्यंत देशात कुठेही ४७ रुपये. ५१ ते २५० ग्रॅमला अंतर मोजतात: २०० किलोमीटरपर्यंत ५९, ५०० पर्यंत ६३, १००० पर्यंत ६८, २००० पर्यंत ७२ आणि त्यापुढे ७७. २५१ ते ५०० ग्रॅमला याच क्रमाने ७०, ७५, ८२, ८६, ९३. सगळ्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ४७ चे प्रत्यक्षात ५५ रुपये ४६ पैसे आणि ७७ चे ९० रुपये ८६ पैसे. विद्यार्थ्यांना दरात १० टक्के सूट आहे. ती मागावी लागते, म्हणून ओळखपत्र न्या.

यात खरी मेख ५० ग्रॅमची आहे. ७५ जीएसएमचा ए-४ कागद सुमारे ४.७ ग्रॅमचा असतो. कागद न घडता मावणारं १२ बाय १० इंची खाकी पाकीट १७ ग्रॅमच्या आसपास, आतून कापड लावलेलं असेल तर आणखी जड. त्यात सहा कागद घातले की पंचेचाळीस ग्रॅम होतात, सातवा घातला की काटा ५० वर डळमळतो. तेच कागद तीन घड्या करून लांबट पाकिटात (साधारण ५ ग्रॅम) घातले तर नऊ कागद ४७-४८ ग्रॅममध्ये बसतात. नागपूरहून गुवाहाटीला पाठवायचं असेल तर एवढ्याने ४७ आणि त्याहून बऱ्याच मोठ्या आकड्यातला फरक वाचतो. घडी चालत नाही अशी मूळ प्रमाणपत्रं मात्र यात धरू नका, त्यांना पुठ्ठा आणि मोठं पाकीटच हवं.

साध्या टपालाला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये, पुढच्या प्रत्येक २० ग्रॅमला आणखी ५. लांबट पाकिटात तीन कागद १९ ग्रॅम, चौथा घातला की १० रुपयांची तिकिटं. कमी तिकीट लावलेलं पाकीट नॉटपेड होतं आणि कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून मागतात. लग्नपत्रिकांत हे हमखास होतं. पत्रिका नुसती तोलली तर १९ ग्रॅम भरते, मग तीनशे पाकिटांवर पाच-पाचची तिकिटं लागतात, आणि शेवटी प्रत्येकात चिमूटभर अक्षता पडतात. पाहुण्याला दारात पैसे भरून आमंत्रण सोडवावं लागतं. अक्षता, नॅपकिन, सगळं घालून, पाकीट चिकटवून मगच तोला. स्वयंपाकघरातल्या काट्याला एक-दोन ग्रॅम कळत नाहीत, तेव्हा दहा पाकिटं एकदम तोलून दहाने भागा.

पुस्तकांचं गणित वेगळं. पुस्तकांसाठीची जुनी स्वस्त रजिस्टर सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली आणि छोट्या प्रकाशकांचं कंबरडं मोडलं. १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आलं: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, जास्तीत जास्त ५ किलोला १०० रुपये, वर कर, आणि ट्रॅकिंगही आहे. ते जमिनीवरून जातं, म्हणून वेळ जास्त लागतो. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकं आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तकं चालतात, पण त्यांवर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव हवं. नियतकालिकं आणि जाहिरातींनी भरलेली प्रकाशनं चालत नाहीत, तेव्हा दिवाळी अंकांचा गठ्ठा घेऊन ज्ञान पोस्ट मागितलं तर काउंटरवरून परत यावं लागेल. काउंटरवर 'पुस्तक आहे' एवढंच म्हटलं तर महागडं पार्सलही होऊ शकतं, 'ज्ञान पोस्ट' असा शब्द उच्चारा.

खासगी कुरियरचं बिल बहुतेकदा फुगतं ते आकारमानाच्या वजनाने. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि सर्रास ५००० ने भागायची. प्रत्यक्ष वजन आणि हे वजन यांत जे जास्त ते आकारतात. फराळाच्या खोक्यात चिवडा असला की हे हटकून लागतं. खोकं ३० बाय २५ बाय २०, काट्यावर भरलं दीड किलो, बिल ३ किलोचं. चिवड्याच्या पिशव्या हवा काढून आडव्या लावल्या आणि खोक्याच्या भिंती कापून उंची १४ केली की २.१ किलो. शंकरपाळे-लाडू मुळातच जड, त्यांना हा फटका बसत नाही. भागाकाराचा आकडा कंपनीगणिक आणि सेवेगणिक बदलतो, तो आधी विचारा. बंद खोक्याचा टेपने मोजतानाचा आणि काट्यावरचा असे दोन फोटो ठेवले तर नंतर आलेल्या वाढीव वजनाच्या बिलावर बोलता येतं.

पावसाळ्यात आतली वस्तू आधी प्लॅस्टिकमध्ये, मग खोक्यात. पत्ता शाईच्या पेनने नको, बॉलपेन किंवा मार्करने. पत्त्यावर पारदर्शक टेप जरूर लावा, पण बारकोडवर नको: चकाकीमुळे स्कॅनर वाचत नाही, आणि थर्मल लेबल असेल तर टेपच्या गोंदाने छपाई उडते.

कुरियरचा 'कस्टमर नॉट अव्हेलेबल'

फोन आला नाही, माणूस आला नाही, संध्याकाळी हा मेसेज. कुरियर कंपन्या बहुधा तीन वेळा प्रयत्न झाल्याचं नोंदवतात आणि वस्तू परत पाठवतात. विक्रेत्याला परतीचंही भाडं पडतं. मेसेज आल्याच्या दिवशीच ॲपवरून पुन्हा वाटपाची तारीख निवडा आणि तक्रारीत 'प्रयत्नाच्या वेळचा फोटो आणि कॉलची नोंद दाखवा' असं लिहा. हे मागितलं की दुसऱ्या दिवशी माणूस येतो, असा सर्वसाधारण अनुभव. गाव आडबाजूला असेल तर बुकिंगआधीच तो पिनकोड त्यांच्या सेवेत आहे का ते पाहा. नसला तर काही कंपन्या जास्त पैसे लावतात, काही तालुक्याच्या गावी येऊन घेऊन जा म्हणतात. अशा गावाला पोस्टच बरं. डेपोवरून कुणी उचलून आणणार असेल तर एसटीचं पार्सलही चालतं.

तक्रार

टोल फ्री १८००-२६६-६८६८ किंवा इंडिया पोस्टच्या संकेतस्थळावरचा तक्रारीचा भाग. मजकूर इतका पुरे: 'क्रमांक अमुक, बुकिंग तारीख व डाकघर अमुक, पोचायचा पिनकोड अमुक. शेवटची नोंद अमुक तारखेला अमुक हबमध्ये, त्यानंतर सहा कामाचे दिवस हालचाल नाही. पाकीट शोधून पुढे पाठवावं, हरवलं असल्यास तसं लेखी कळवावं.' राग, इतिहास, खात्याच्या कारभारावर मत, काही नको. तक्रार क्रमांक लिहून घ्या. उत्तर न देता तक्रार बंद केली तर केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रारींच्या संकेतस्थळावर तोच क्रमांक देऊन पुढे न्या. वाटपाचा पुरावा देत नसतील तर दहा रुपये शुल्काचा माहिती अधिकाराचा अर्ज करा: 'अमुक पाकीट कुणाला दिलं, सहीची प्रत द्यावी.' तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

भरपाईच्या आशेवर मात्र मौल्यवान वस्तू पाठवू नका. टपालखात्याची जबाबदारी १८९८ च्या कायद्यातही मर्यादित होती आणि १८ जून २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही नियमांत सांगितली असेल तेवढीच आहे. विमा काढला नसेल तर वस्तूच्या किमतीइतके पैसे मिळत नाहीत. नोटा तर साध्या पाकिटात घालायच्याच नाहीत.

आणि पाकीट उशिरा येत असतानाच 'पत्ता अपूर्ण आहे, चोवीस तासांत लिंकवर दुरुस्त करा' असा मेसेज आला, तर ती लिंक उघडू नका. टपालखातं पत्ता दुरुस्तीसाठी अशी लिंक पाठवत नाही. पत्रसूचना कार्यालयाच्या फॅक्ट चेकनेही हे मेसेज खोटे असल्याचं सांगितलं आहे. खऱ्या पाकिटाची खरी अडचण तेरा खुणांच्या क्रमांकावर दिसतेच. लिंकवर कार्डाचा तपशील भरून बसला असाल तर पाकिटाचं नंतर पाहा, आधी बँकेला सांगून कार्ड बंद करा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.